तरीवरून तरीवर : मांडवा ते रत्नागिरी, सायकलने

कोकणातला रस्ता किती लांब आहे हे नकाशाला विचारू नये, आणि तो सपाट आहे का हे मोटरसायकलवाल्याला विचारू नये. पाच दिवसांत मी एवढं नक्की शिकलो. बरोबर भाची होती, वय चोवीस. माझं वय तिच्या दुपटीहून थोडं जास्त. प्रत्येक चढावर ती वर जाऊन थांबायची आणि मी पोचलो की म्हणायची, "मामा, मी आत्ताच आले." ही थाप पाचही दिवस तिने न चुकता मारली.

डिसेंबरचा दुसरा आठवडा मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यातले खड्डे तोवर थोडेफार बुजलेले असतात आणि नाताळच्या सुट्टीतल्या गाड्या अजून उतरलेल्या नसतात. शिवाय या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालं की तो पाठीशी राहतो, म्हणून सुरुवात मुंबईकडून.

दिवस पहिला : मांडवा ते मुरुड, ७१ किलोमीटर

भाऊच्या धक्क्यावर गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीच्या रांगेत गाड्यांच्या मध्ये आमच्या दोन सायकली. मागच्या कॅरिअरला दोन-दोन पिशव्या, पुढे हँडलला पाण्याची बाटली. माझ्या पिशवीत कपडे जास्त, भाचीच्या पिशवीत हत्यारं जास्त. तासाभरात मांडवा आलं आणि किहीमच्या बाजूने नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून अलिबागला पोचलो. हा टप्पा इतका सपाट आहे की माणसाला स्वतःबद्दल गैरसमज होतो.

ओहोटी होती, त्यामुळे कुलाबा किल्ल्यात चालत जाता आलं. घोडागाडीवाले बोलावत होते, पण ओल्या वाळूतून चालायला पायांना बरं वाटत होतं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, त्यांची समाधी गावात आहे. अलिबागेत मला जास्त कुतूहल होतं ते चुंबकीय वेधशाळेचं. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये हे काम इथे हलवलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी ट्रामने पळवून लावली! ट्राम कधीच्या बंद झाल्या, वेधशाळा आहे तिथेच आहे.

चौल ओलांडून रेवदंड्यात शिरताना रस्ता पोर्तुगीज तटाला फोडूनच आत जातो. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. बरोबर विकायला एक घोडा होता. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. तो परत गेला दाभोळहून, म्हणजे आमच्या चौथ्या दिवसाच्या मुक्कामाजवळून. एका घोड्यासाठी एवढी यातायात केलेला माणूस आठवला की आपल्या सायकलचं ओझं हलकं वाटतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या खाडीपलीकडे साळाव, आणि तिथून पुढे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या नाकावर कोर्लईचा किल्ला. पायथ्याला दीपगृह आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण गावात त्यांची भाषा राहिली. इथले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात आणि तिला 'नो लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. टपरीवर दोन बायका बोलत होत्या. वाक्याचा सूर अगदी कोळीवाड्यातला, शब्द मात्र एकही कळेना. चहाचे पैसे मागताना त्यांतली एक चटकन मराठीत आली.

कोर्लई सोडलं की पहिला खरा चढ. काशीदच्या अलीकडे मी उतरून सायकल ढकलली, हे इथेच कबूल करतो. मुरुडला पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. मुक्कामाच्या ठिकाणी सायकली खोलीत घेऊ देईनात. शेवटी स्वयंपाकघरामागे, लाकडाच्या ढिगाशेजारी त्यांना जागा मिळाली. रात्री सुरमई, भाकरी आणि सोलकढी. भाचीने तीन भाकऱ्या खाल्ल्या, मी मोजल्या.

दिवस दुसरा : मुरुड ते हरिहरेश्वर, ६५ किलोमीटर

सकाळी राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तट सलग वाटतो. आत कलालबांगडी तोफ आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव. या तटाला शिड्या लावायचं धाडस केलेल्या लाय पाटलाला शिवाजी महाराजांनी पालखीचा मान दिला. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा महाराजांनी 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं, अशी गोष्ट सांगतात. होडीवाल्यानेही तीच सांगितली, फक्त आपला आजाच शिडी धरून उभा होता अशा थाटात. वायव्येला पद्मदुर्ग दिसत होता, महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला.

आगरदांड्याहून दिघीला जायला तर, म्हणजे फेरीबोट. तिला इथपासून रत्नागिरीपर्यंत सगळे 'जंगलजेट्टी' म्हणतात. जंगल कुठलं आणि जेट्टी कुठली याचा उलगडा कोणी करून दिला नाही. बोटीचं पुढचं फळकूट खाली पडतं, आधी मोटारसायकली, मग गाड्या, मग एसटी आणि कडेला कोपऱ्यात सायकली. आम्ही पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती, पाण्यातली पांढरी रेघ अजून दिसत होती. पाऊण तास कठड्यावर बसून राहिलो. त्या पाऊण तासात भाचीने चेन पुसून तेल घातलं आणि मी दोन वडापाव खाल्ले.

दिघीहून बोर्ली पंचतनकडे चढ, मग उतरून दिवेआगर. इथल्या एका सुपारीच्या बागेत १९९७ मध्ये खोदताना पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, दोन रखवालदारांचा जीवही गेला. आता पुन्हा मुखवटा आहे. देवळापेक्षा आगरातल्या वाटा माझ्या जास्त लक्षात राहिल्या : दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, वर सुपाऱ्यांची सावली, मधून पाटाचं पाणी. सायकलचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता, हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा. समुद्र उजव्या हाताला, कधी पायाशी, कधी तीस-चाळीस फूट खाली. वारा पाठीशी. वळण संपलं की पुढची पुळण, ती संपली की पुन्हा कातळ. इथे आम्ही बोललोच नाही. श्रीवर्धनला, भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या गावी, आवळ्याचं सरबत प्यालो आणि संध्याकाळी हरिहरेश्वर गाठलं.

रात्री भाचीने फोनवर नकाशा पसरला. "मामा, हे बघ. कुंडलिकेच्या तोंडाला रेवदंडा आणि कोर्लई. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाला जंजिरा. उद्या सावित्रीच्या तोंडाला बाणकोट. प्रत्येक खाडीला एक कुलूप." मी म्हटलं, किल्ले समुद्रासाठी बांधले असतील. ती म्हणाली, "मग असे खाडीच्या तोंडाशीच का?" मला उत्तर सुचलं नाही, आणि पाय इतके दुखत होते की शोधलंही नाही.

दिवस तिसरा : हरिहरेश्वर ते मुरुड (दापोलीचं), ५८ किलोमीटर

अंतर सगळ्यांत कमी आणि दिवस सगळ्यांत कठीण. फोनमधल्या हिशेबाप्रमाणे आम्ही त्या दिवशी अकराशे मीटरच्या वर चढलो. एका दमात नव्हे, दीडशे-दीडशेच्या हप्त्यांत. कोकणी घाटीचा जाच तो हाच. सह्याद्रीचा घाट एकदा चढलात की सुटलात. इथे मिळवलेली उंची पुढच्या खाडीत ओतून टाकायची आणि पलीकडे पुन्हा विकत घ्यायची.

बागमांडल्याहून पहिली फेरी धरून वेश्वीला उतरलो. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभं राहून जिची दरी बघतो ती सावित्री इथे समुद्राला मिळते. खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत आणि त्यांच्याकडे न बघता जंगलजेट्टी आपली ये-जा करते. खांबांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. डोक्यावर बाणकोटचा हिम्मतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. खाडीतून कोण आत येतंय ते तिथे बसल्या जागी दिसतं. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरं, कुलूप."

वेळासला नाना फडणवीसांचं मूळ घराणं, पण आज गाव ओळखलं जातं ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे त्यांच्या रक्षणाचं काम उभं केलं, आणि पूर्वी अंडी उकरून नेणारं गाव पाहुण्यांना जेवूखाऊ घालायला लागलं. पिल्लं बाहेर पडायला अजून महिने होते, म्हणून आम्हाला जाळीचं कुंपण आणि आतली वाळू एवढंच दिसलं. तेही पाच मिनिटं टक लावून पाहिलं.

त्यानंतर सडा. गाव खाली खाडीकाठी माडांत, आणि वर जांभ्याचं उघडं पठार. गवत पिवळं पडलेलं, मधे चिरेखाणी, आखून कापल्यासारखे लाल चौकोनी खड्डे. चिरे भरलेला ट्रक गेला की त्याच्यामागे लाल धूळ बराच वेळ तरंगत राहते. माझे पांढरे मोजे त्या दिवसापासून पांढरे नाहीत. सावली म्हणून नाही. एका मोटरसायकलवाल्याला विचारलं, पुढे चढ आहे का? "नाय ओ, सरळ रस्ता." पुढे तीन वळणांचा खडा चढ लागला. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या गाडीला तो सरळच होता. त्यानंतर आम्ही फक्त डोक्यावर काहीतरी घेऊन चालणाऱ्या माणसांनाच विचारायचं ठरवलं. लाकडाचा भारा घेऊन निघालेली एक बाई म्हणाली, "दोन चढाव हायत, दुसरा वंगाळ." दुसरा खरंच वंगाळ होता.

भारजा नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून केळशीत शिरतो तोच माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. एका घराच्या अंगणात सायकल उलटी केली. आजीबाई बाहेर आल्या, काही न विचारता विहिरीजवळच्या दगडी दोणीकडे बोट दाखवलं. दोणीत ट्यूब बुडवली, बुडबुडे सापडले, पट्टी लावली. तेवढ्यात पितळी तांब्यातून पाणी आणि गुळाचा खडा आला. बोलता बोलता कळलं, त्यांचं माहेर खाडीच्या पलीकडच्या काठावरचं.

"म्हणजे पूल नव्हता तेव्हा लांबच पडत असेल," मी म्हटलं.

"लांब कसलं? पलीकडेच तर आहे. वरात पडावातून आली आमची. तास लागला नाही." मग थोडं थांबून, "लांब म्हणजे मंडणगड. तिकडे डोंगर चढून जावं लागायचं. मी लग्नानंतर दहा वर्षांनी पाहिलं मंडणगड."

भाची पंप मारायची थांबली. मला तेव्हा कालच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आम्ही तीन दिवस खाडी आली की हुश्श करत होतो, अडथळा म्हणत होतो, बोटीची वेळ बघत होतो. या बाईंच्या हिशेबात अडथळा होता तो सडा, आणि खाडी म्हणजे रस्ता. माल, माणसं, वरात, सगळं पाण्यावरून. मग पहारा कुठे बसवणार? रस्त्याच्या तोंडाशीच ना.

आड्यावरून आंजर्ले, तिथून जोग नदीच्या खाडीवरचा पूल आणि हर्णै. कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडले. वर चढायचं बळ नव्हतं, देव समजून घेईल असं भाची म्हणाली. हर्णैला नेमके संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी पोचलो. होड्या लांब उभ्या, बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात जाऊन पाट्या आणताहेत, वाळूवर सुरमई-पापलेट-कोळंबीचे ढीग, आणि बोली इतक्या झरझर की आकडा ऐकू येईपर्यंत ढीग उचललेला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजींचं नाव इथूनच वर आलं. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या कमोडोर जेम्सला हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला काढून घेतला. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच इंग्रजांच्या मदतीने मोडलं, हे किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर उभं राहून मावळत्या उजेडात बघायला बरं वाटत नाही. मासळीचा वास मात्र अंगावरच्या कपड्यांना थेट रत्नागिरीपर्यंत पुरला.

मुक्काम मुरुडला. धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी हा मुलगा इथून साताऱ्यापर्यंत चालत गेला होता. ते आठवल्यावर मी पायांना तेल चोळताना आवाज केला नाही.

दिवस चौथा : मुरुड ते गुहागर, ६१ किलोमीटर

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. पुळण, चढ, पुळण, चढ. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली होती, ती कोळथऱ्यापर्यंत पुरली. बुरोंडीच्या माथ्यावर पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुराम आहे. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं म्हणतात. काढतानाच जरा सपाट काढायला काय झालं होतं, असं भाचीने त्याला तोंडावर विचारलं.

दाभोळला उतरणारा रस्ता इतका उभा की ब्रेक-पॅडचा वास आला. अर्ध्या उतारावर थांबून रिम गार होऊ दिल्या. खाली वाशिष्ठीची खाडी, आणि खाडीकाठी विजापूरच्या काळातली शाही मशीद, घुमट आणि चार मिनार, आजूबाजूला माड. आजचं दाभोळ निवांत गाव आहे. एकेकाळी इथून घोडे, कापड, मिरी आणि हजचे यात्रेकरू ये-जा करत होते. आमचा निकितिन इथूनच गलबतात बसला. मशिदीच्या पायरीवर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. पलीकडच्या काठावर दाभोळ वीज प्रकल्पाच्या चिमण्या. नाव दाभोळचं, पण प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. त्याच्या थोडं पुढे अंजनवेलचा गोपाळगड. भाची आता नुसतं बोटच दाखवते, बोलत नाही.

दाभोळ–धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. ती नसती तर चिपळूणकडून मोठा वळसा पडला असता. बोटीवर तिकीट फाडणारा मुलगा म्हणाला, "सायकलवाले वाढलेत हल्ली. पण तुमच्या वयाचे कमी." हे कौतुक होतं की काळजी, ते मी विचारलं नाही. धोपाव्याहून पुन्हा चढ, आणि मग गुहागरची लांबलचक पुळण. व्याडेश्वराच्या देवळासमोर दिवा लागला होता.

दिवस पाचवा : गुहागर ते रत्नागिरी, ८८ किलोमीटर

पहाटे साडेपाचला निघालो, कारण जयगडच्या पुढे उन्हात चढायचं नव्हतं. पालशेत, वेळणेश्वर झपाझप मागे टाकली. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं आणि बामणघळीपाशी गेलो. कातळात चिंचोळी भेग आहे, भरतीची लाट तीत शिरली की पाण्याचा उंच फवारा उडतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी, घळीत नुसतं गुरगुरणं. तीन दिवस भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ केलं होतं, नेमकं इथे विसरलो.

तवसाळहून जयगडची फेरी, शास्त्री नदीची खाडी, वर जयगड. या वेळी बोट आमच्यासाठी थांबली. फळकूट उचलायला लागले होते, खलाशाने आम्हाला उतारावर बघून हात केला आणि आम्ही ब्रेक न लावता थेट बोटीवर. पाच दिवसांत उतार वाया न गेल्याची ही एकच वेळ.

मालगुंड, गणपतीपुळे इथे गर्दी, ती ओलांडून आरे-वारेचा रस्ता. इथला चढ खरा, पण माथ्यावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात, आणि तिथे बराच वेळ बसलो. मग शेवटचा टप्पा, रत्नागिरी. संध्याकाळी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्यावरून काढून इकडे आणलं. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्यामागच्या बाजूने खाडी दिसते. बोटी जाताना-येताना त्याला रोज दिसत असणार.

परतीला कोकण रेल्वे. सायकली पार्सल कार्यालयात वजन करून, चिठ्ठ्या बांधून ब्रेकव्हॅनमध्ये चढवल्या. रात्रीची गाडी. मी खिडकीशी बसून पूल मोजायचं ठरवलं होतं. संगमेश्वरच्या पुढे-मागे शास्त्री, चिपळूणला वाशिष्ठी, वीरजवळ सावित्री. ज्या खाड्यांच्या तोंडाशी आम्ही तास-तास बोटीची वाट पाहिली, त्याच नद्या इथे वरच्या अंगाला दहा-दहा सेकंदांत खडखडून मागे जात होत्या. सावित्रीपर्यंत मोजलं, नंतर झोप लागली.

पनवेलला सायकली उतरवल्या तेव्हा माझं मागचं चाक पुन्हा बसलं होतं. भाचीने काही न बोलता पंप काढला.